चोरओटीच्या यादीतली शेवटची ओळ

महाल वस्तीतल्या आमच्या घरात ओटीभरण असो की बारसं, यादी मीच करायची. मोठ्या सुनेचं काम, आणि मला ते आवडायचंही. धाकट्या जावेला दिवस राहिले तेव्हाची, तिसऱ्या महिन्यातल्या चोरओटीची यादी माझ्या वहीत अजून आहे: नारळ, तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, खण. शेवटी लिहिलंय, 'मांडीवर बसवायला मुलगा.' मुलगाच व्हावा म्हणून मुलगाच बसवायचा, ही आमची रीत.

नणंद कामठीहून आपला दोन वर्षांचा घेऊन आली. त्याच्या अंगावर बारीक लाल पुरळ होतं.

"बाई, याचं अंग गरम लागून राहिलं," जाऊ हळूच म्हणाली.

"हलका गोवर असंल वं. दोनच मिनिटं तर बसवाचं हाये," मी म्हटलं. पोर तिच्या मांडीवर ठेवलं आणि यादीत खूण केली.

पंधरा दिवसांनी तसंच पुरळ जावेच्या अंगावर उठलं. तीन दिवसांत गेलं. ते तिन्ही दिवस ती आमच्यासाठी भाकरी भाजत होती.

बाळ झालं ते एवढंसं. "वारही लहानच हाये," सुईण म्हणाली. महिन्याभरात त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पांढऱ्या दिसू लागल्या. कानाशी थाळी वाजवली तरी ते दचकत नव्हतं.

"पपई खाल्ली असंल चोरून. नाही तर काहून असं होते?" सासूबाई म्हणाल्या. मग निघालं की वार नीट पुरली नाही. जावेच्या घासाघासाची चौकशी झाली. तिच्या रडून सुजलेल्या डोळ्यांकडे मात्र कुणी पाहिलं नाही. संताप येतो अजून.

मीच बाळाला धंतोलीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पहिलंच विचारलं, "सुरुवातीच्या महिन्यांत आईच्या अंगावर पुरळ उठलं होतं?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, तो नेहमीचा गोवर नव्हता, त्यासारखा दिसणारा दुसरा. आईला तीन दिवसांचं दुखणं. पण त्याचं विष वारेतून बाळापर्यंत पोचतं, आणि नेमके तेव्हाच त्याचे डोळे-कान घडत असतात.

घरी आले तर जावेची ट्रंक ओसरीवर काढलेली. सासूबाई दिराला सांगत होत्या, "हिले उमरेडले माहेरी सोडून ये. तुह्यासाठी दुसरी पाहू."

बाळ जावेच्या हातात देऊन मी वही आणली. शेवटची ओळ मोठ्यानं वाचली आणि डॉक्टरांचं सगळं सांगितलं.

"माह्या नातवावर आळ घेतं काय वं?" सासूबाई ओरडल्या.

"हाही तुमचा नातूच हाये! अन् त्या लेकराचा काय दोष? त्याले मांडीवर मी ठेवलं. हिनं त्याचं अंग गरम हाये म्हटलं होतं, मीच ऐकलं नाही. सोडाचंच असंल तर मले सोडून या."

दीर पुढं झाला. त्यानं ट्रंक उचलून आत नेली.

मी ओसरीवर टेकले तशी जाऊ जवळ आली. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि चुलीकडे गेली. ते रडत होतं. मी उगी उगी म्हणत होते, आणि त्याला ते ऐकू येत नव्हतं.