वाळू काय म्हणते

तुम्ही मावशींच्या अंगणात पाऊल टाकलंत की त्या मूठभर कोरडी वाळू तुमच्या कानाशी धरत, बोटांच्या फटीतून हळूहळू सोडत आणि डोळे मिटून विचारत, "आयका. काय म्हणून राहिली?"

मनीषनगरात आमच्या भिंतीपलीकडे त्यांची बालवाडी होती. कडुनिंबाखाली वाळूचा हौद. सगळे त्यांना मावशी म्हणत. पहिल्याच परीक्षेत मी नापास! "काही नाही म्हणत," असं बोलून गेलो.

मावशी हळहळल्या. "कान झोपले गा तुमचे."

पोरांचे कान जागे होते. कुणाला त्या वाळूत स्कूटर ऐकू यायची, कुणाला आजोबांचं घोरणं. एक मुलगी तेवढी काहीच सांगत नसे. साडेतीन वर्षांची, घरी पोपट, उंबऱ्याबाहेर मुकी. एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात वाळू ओतत बसायची.

तिची आई कावली. "वाळूत खेळून कोणी बोलाले शिकते का, मावशी? मी हिले दुसऱ्या शाळेत टाकते."

"तिचे हात पाहा ना वं. आधी सांडवत होती. आता काठोकाठ भरते, शेजारच्याले पेला देते, मागून घेते. हात बोलून राहिले. तोंड मागून येते."

तोंडाआधी आली चाळणी. भिवापूरच्या बहिणीकडून मावशींनी ती आणली आणि सकाळी मोठ्या प्रेमानं हौदातली वाळू चाळली. त्या चाळणीनं जन्मभर फक्त मिरचीपूड चाळली होती, हे मावशींच्या ध्यानातच आलं नाही! थोड्याच वेळात पलीकडे शिंकांचा असा बँड वाजू लागला की मी अर्ध्या दाढीनिशी धावलो. पोरं शिंकत होती, हसत होती. फाटकाशी आया ओरडत होत्या, "बंद करा तो हौद!" त्या मुलीच्या आईनं तर दप्तर उचललंच.

तेवढ्यात मुलगी उठली. मूठभर वाळू मावशींच्या कानाशी धरून तिनं बोटं सैल केली.

"तिखट म्हणते."

मावशींनी डोळे मिटले. "अजून काय म्हणते वं, माय?"

"घरी नाही जायचं म्हणते."

आईनं दप्तर हळूच खाली ठेवलं.

वाळू बदलली, चाळणी भिवापूरला परत गेली. गेल्या हिवाळ्यात मावशीही गेल्या. हौदात आता कडुनिंबाची पिवळी पानं तरंगल्यासारखी पडून असतात.

परवा दुपारी, कुणी बघत नाही असं पाहून, मी या वयात भिंत ओलांडली. मूठभर वाळू कानाशी धरली, डोळे मिटले. बराच वेळ नुसती सरसर.

आणि मग, तुम्ही हसाल, पण शपथेवर सांगतो, मला शिंक आली.