काळी पाच

रोज सकाळी गिरणीचा भोंगा होण्यापूर्वी शिवाचे वडील त्याला ओट्यावर उभे करीत, ताप पाहावा तशी दोन बोटे त्याच्या गळ्याला लावीत आणि म्हणत, "म्हण, सा." षड्ज लागला की "हाय जाग्यावर," असे पुटपुटून कामाला निघत. सोलापूरच्या आमच्या त्या चाळीवरून सकाळी कधी आपण गेला असाल, तर हे दृश्य आपणही पाहिले असेल.

ते गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते आणि मी समोरच्या खोलीत राहणारा शाळामास्तर. त्यांचा शिवा नऊ वर्षांचा असताना काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या फार उंच पट्टीत, असा गाई की दोन संस्थानिकांनी त्याला दरबारात बोलावून शाल दिली होती. संस्थानांना पाठवायची पत्रे मी लिहीत असे. युरोपातल्या राजदरबारांतून बापाबरोबर गात-वाजवीत हिंडणाऱ्या मुलांच्या हकिकतीही मी त्यांना इंग्रजी पुस्तकातून सांगत असे. ऐकून झाल्यावर ते एकच विचारीत, "मोठी झाल्यावर बी बोलावलं का त्यास्नी?" मी पुस्तक मिटून घेई.

पुढे दक्षिणेकडील एका संस्थानाकडून विचारणा झाली. महाराज विलायतेला निघाले होते. तिकडच्या राजेरजवाड्यांना ऐकवण्यासाठी त्यांना एक बालगवई बरोबर न्यायचा होता. शिवा तेव्हा तेरा वर्षांचा होता.

"नऊच लिवा, मास्तर."

नाही म्हणण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी नऊ लिहिले.

त्याच महिन्यात बोटांखालचा षड्ज चिरकला.

त्यांनी ती सर्दी ठरवली. चिंच बंद झाली, ताक बंद झाले आणि मग बोलणेही बंद झाले. आवाज वापरला नाही तर तो आहे तसा राहील, अशी त्यांची समजूत. सहा आठवडे शिवा पाटीवर लिहून पाणी मागत होता.

"आरं, गवई करतुयास का मुका?" शेजारची म्हातारी ओरडे.

"गप की, आक्का! बोटीत बसल्यावर बोलंल."

गाणे ऐकण्यासाठी त्या संस्थानाचे बोलावणे आले, तेव्हा इंग्रजी बोलायला लागेल म्हणून त्यांनी मलाही दरबारी नेले. ते स्वतः पेटीला बसले आणि त्यांनी काळी पाच धरली. शिवाने तोंड उघडले आणि सूर मधोमध फुटला. कोणीतरी हसले. पुन्हा पेटी, पुन्हा तेच. शिवाने बापाकडे पाहिले. त्याचा हात सवयीने शेजारी पाटी चाचपू लागला.

त्यांची बोटे थांबली. भाता तेवढा हलत राहिला. माझे लक्ष त्या बोटांवर खिळले होते. ती काळी पाचवरून उचलली गेली आणि खाली, पुरुष गातात त्या काळी एकवर येऊन टेकली.

"हितनं म्हण," ते म्हणाले.

शिवा गायला. आवाज जाड होता, थरथरत होता, पण सुरात होता. कोणी हसले नाही.

दिवाणांनी माझे पत्र पुढे धरले. "आम्ही लहान मूल मागवले होते. हे नऊ वर्षे कोणी लिहिले?"

मी उभा राहिलो.

"म्या सांगितलं, सरकार. मास्तरांचा दोष न्हाय," ते म्हणाले. "लहानच हुतं. मीच लई दिस धरून ठिवलं."

आम्हांला तिथूनच परत पाठवण्यात आले.

पुढच्याच वर्षी माझी कुर्डुवाडीला बदली झाली आणि त्यानंतर ते मला भेटले नाहीत. डोळ्यांपुढे येतात ते होटगीच्या फलाटावरचे. परतताना तिथे गाडी बदलायची होती. शिवा बोलत सुटला होता: दरबारातले झुंबर, दिवाणांच्या मिशा, इंजिनाला पाणी किती लागते. आवाज मध्येच वर चढे, मध्येच खाली कोसळे. ते पेटीला टेकून ऐकत होते. मी म्हणालो, "गळ्याला जरा विश्रांती द्यावी."

"बोलू द्या की, मास्तर."

सोलापूरची गाडी फलाटाला लागली, लोक चढू लागले. शिवाचे वाक्य अजून संपले नव्हते. ते संपेपर्यंत ते जागचे उठले नाहीत.