डोळ्यातली खिडकी

भिंगकाका मांजराच्या फोटोत आधी मांजर बघायचेच नाहीत. खिशातून भिंग काढून प्रिंटवर टेकवायचे आणि मांजराच्या डोळ्यात खिडकी शोधायचे. फोटो काढताना उजेड जिथून येत असेल, ती खिडकी किंवा ते दार बुबुळावर बारीक चौकोन होऊन उमटतं; उघड्यावर असेल तर आभाळाचा ठिपका, त्यालाही ते खिडकीच म्हणायचे. ते दिसलं तर डोळा स्पष्ट आलाय, आणि डोळा स्पष्ट असेल तरच पुढचं बोलायचं. नसेल तर, "घरी न्या."

आमचा फोटो क्लब दरवर्षी मांजरांच्या फोटोंची स्पर्धा घ्यायचा. मी क्लबचा सेक्रेटरी, आणि परीक्षक कायम भिंगकाका. स्वारगेटजवळच्या एका स्टुडिओत अंधाऱ्या खोलीत प्रिंट काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतर ते कात्रजहून बसनं यायचे. टेबलावर तीन गठ्ठे करायचे : 'ठेवा', 'बघू' आणि 'घरी न्या'. तिसरा नेहमीच सगळ्यात उंच.

एकदा निकालानंतर एक बाई रागावल्या. "अहो काका, इतकं गोड पिल्लू आहे."

"आहेच. त्याचे मार्क पिल्लाला. फोटोला काय द्यायचं ते सांगा."

पुढच्या वर्षी त्याच बाई फरशीवर पालथं पडून काढलेला फोटो घेऊन आल्या. काकांनी तो 'ठेवा'मध्ये सरकवला आणि निकाल लागल्यावर त्यांना विचारलं, "कोपरं बरी आहेत ना?" त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक कुणाला मिळाल्याचं मला आठवत नाही.

मला तेवढंही मिळालं नाही. फोटोंच्या मागे फक्त नंबर असायचे, कुणाचा कुठला ते काकांना कळायचं नाही. बारा वर्षं माझा फोटो बिनचूक 'घरी न्या'मध्ये गेला. मी हसून घरी न्यायचो. कपाटात त्याचाही एक गठ्ठा झाला होता.

मग काकांची नजर बिघडली. हे फक्त मला माहीत होतं. चहा पिताना त्यांनीच सांगितलं, "जिथं बघावं तिथंच मधोमध डाग येतो, सेक्रेटरी. कडेकडेचं दिसतं. कुणाला बोलू नका. हे परीक्षण गेलं, की माझ्याकडे बसचा पास तेवढा उरेल." त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसायचो. ते सवयीनं भिंग टेकवायचे आणि हळूच विचारायचे, "खिडकी?" मी हो किंवा नाही म्हणायचो. बाकी उजेड, मांडणी, मांजराची बसण्याची ढब ते कडेच्या नजरेनं अजूनही आमच्यापेक्षा चांगली ओळखायचे.

तिसऱ्या वर्षी एकतीस नंबरचा फोटो आला. तो माझा होता. पाण्याच्या टाकीवर बसलेली मनी, मागे तिरकं ऊन. काका बराच वेळ वाकून होते. "बसलीय झकास," म्हणाले. मग विचारलं, "खिडकी?"

फोकस कानावर गेला होता. डोळा दुधाळ दिसत होता.

मी म्हणालो, "आहे."

त्यांनी तो 'ठेवा'मध्ये ठेवला. शेवटी पहिलाही तोच आला.

प्रदर्शनात तो फोटो मोठा करून दारासमोर लावला होता. दोन हात लांबूनही डोळा पुसट दिसायचा. लोक थांबायचे, एकमेकांकडे बघायचे. एक जण काकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कान चांगला आलाय. बक्षीस कानाला असेल." दुसरा म्हणाला, "सेक्रेटरींचा आहे हो, कळलं." काका भिंतीपाशी गेले, मान तिरकी करून कडेच्या नजरेनं बघत राहिले. मी चार पावलांवर उभा होतो. ते वळून सगळ्यांना म्हणाले, "मी नंबर बघून दिलंय, नाव बघून नाही. चूक माझ्या नजरेची. पुढच्या वर्षी दुसरा परीक्षक बघा." भिंग खिशात टाकलं आणि बस पकडायला निघून गेले. मी तोंड उघडलं नाही. बक्षीसही परत केलं नाही.

पुढे कधीतरी मी कात्रजला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी त्या फोटोचा विषय काढला नाही. गॅलरीच्या कट्ट्यावर त्यांचं मांजर बसलं होतं. काकांनी त्याच्या दिशेनं मान केली. "सेक्रेटरी, खिडकी दिसतेय का?"

"नाही काका. डोळे मिटलेत. झोपलंय."

"हं," ते म्हणाले. "असं सांगायचं असतं." मग चहा ठेवायला उठले आणि अंदाजानं भिंत धरत आत गेले.

काका गेल्या पावसाळ्यात गेले. क्लबनं शोकसभा घेतली. एकानं भाषणात तो किस्सा सांगितला, की भिंगकाकांसारखे भिंगकाका, पण शेवटी एका मांजरानं त्यांनाही फसवलं. लोक प्रेमानं हसले. मीही हसलो. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं, ते मी केलं. घरी आल्यावर जेवलोसुद्धा.

आज हे लिहितोय ते क्लबच्या अंकासाठी, म्हणजे त्या सभेतले सगळे वाचतील. काकांना मांजरानं फसवलं नव्हतं. एकतीस नंबरच्या फोटोत खिडकी नव्हती, आणि मला ते दिसलं होतं.