दिल्लीची तार आणि एकशे बावन्न पौंड

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते कर्जतच्या शाळेतले माझे भूगोलाचे गुरुजी. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, फौजदार झालो, ते त्यांच्यामुळे. नगरचे ते मृत्युपत्राचे प्रकरण आठवले की आधी त्यांचाच चेहरा समोर येतो.

दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. शहरातले एक व्यापारी वारले. राहते घर त्यांनी मृत्युपत्रात विधवा सुनेला दिले होते, पण दोनच दिवसांत ते मृत्युपत्र कपाटातून नाहीसे झाले. ते नसले तर घर पुतण्याकडे, म्हणजे धाकट्या शेटकडे, जाणार होते; पण तो तेव्हा दिल्लीला गेला होता. कपाटाची किल्ली म्हाताऱ्या मुसलमान दिवाणजींकडे असे. पंचनामा झाला आणि दिवाणजी कोठडीत गेले. ते एवढेच म्हणाले, "किल्ली माझ्याकडं हुती साहेब, खरंय. इमान बी माझ्याकडंच हुतं."

चौथ्या दिवशी एक टांगेवाला ठाण्यात आला. "साहेब, चोरीच्या सांजेला, दिवेलागणीला, धाकल्या शेटला म्या माळीवाड्याच्या येशीत पाह्यलं."

आमचे हवालदार हसले. "लेका, त्याच दिवशी सकाळी सहाला त्यानं दिल्लीहून तार केली हाय. दिल्ली काय भिंगारच्या पल्याड हाय व्हय?"

"मंग माझे डोळे काढून ठिवा ठान्यात!"

घरी आलेल्या त्या तारेवर दिल्लीचा शिक्का होता. रेल्वेने दिल्ली म्हणजे दीड दिवसाची वाट. पण टांगेवाल्याला खोटे बोलून काही मिळणार नव्हते. मी मुद्देमाल बांधायचा दोरा घेतला आणि भिंतीवरच्या नकाशावर दिल्लीपासून मुंबईपर्यंत सरळ ताणला. सुमारे सातशे मैल भरले. विमानाला साडेचार तास. सकाळी निघालेला माणूस दुपारी मुंबईत, तिथून मोटारीने दिवेलागणीला नगरात.

"बी.ए. झालात म्हून मानसं उडवता व्हय साहेब?" हवालदार म्हणाले.

पुतण्या जणू थेट दिल्लीहून येत असल्यासारखा रेल्वेने परतल्यावर मी त्याला जबाबासाठी बोलावले. त्याने टेबलावरच्या त्या तारेकडे बोट दाखवले. विमान आपण जन्मात जवळून पाहिले नाही, असे लिहूनही दिले. दोन तास काही हाती लागेना. मी चहा मागवला.

हवालदार सहज म्हणाले, "शेट, दिल्लीचं पानी मानवलं. अंग धरलंय तुमी."

"छे हो! एकशे बावन्न पौंड फक्त."

मी कप खाली ठेवला. आमच्याकडे माणूस सहसा स्वतःचे वजन करत नसे, आणि केलेच तर मण-शेरात सांगे. विमानात बसवण्याआधी सामानाबरोबर माणसाचेही वजन करतात, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते.

"कुठं केलंत वजन?"

"डॉक्टरकडं."

"कोणत्या?"

त्याने तार पुन्हा माझ्यापुढे सरकवली.

मुंबईहून प्रवाशांची यादी मागवली. त्या दिवशीच्या विमानात एक अनोळखी नाव होते आणि त्यापुढच्या रकान्यात १५२. ती यादी समोर ठेवताच त्याने कबुली दिली; कपाटाची दुसरी किल्ली त्याने आधीच करून घेतली होती. मृत्युपत्र त्याच्या ट्रंकेच्या अस्तरात सापडले.

दिवाणजींना सोडले तेव्हा हवालदारांनी स्वतः त्यांच्या वहाणा आणून पायांशी ठेवल्या. पुढे मला बक्षिसे मिळाली, पण एवढा अभिमान पुन्हा वाटला नाही. साक्षीदार आपल्याला अशक्य वाटणारे बोलला, तर त्याला खोटा ठरवण्याआधी अंतर मोजावे, हे मी तेव्हा शिकलो.

त्याच आठवड्यात मी गुरुजींना पत्र लिहिले:

"ती. गुरुजींना सा. नमस्कार. दोन शहरांतले सरळ अंतर काढा, असा प्रश्न आपण परीक्षेत घातला होता. मी दोरा रेल्वेच्या वळणांवरून फिरवला आणि आपण दोन गुण कापले. तेव्हा मी घरी जाऊन रडलो होतो. या वेळी दोरा ताणून धरला. एक निरपराध माणूस आज स्वतःच्या घरी जेवला. ते दोन गुण आता मिळावेत, ही विनंती."