सात बोदवडे

अमळनेर स्टेशनावर सुरतेच्या गाडीत मला बसवताना नाना रडले नाहीत. नाना म्हणजे माझे मोठे काका. वडील लवकर गेले, त्यामुळे मला वाढवलं त्यांनीच. कळण्याच्या भाकरी खिडकीतून आत देत त्यांनी एवढंच बजावलं, "तठे कोनी बोदवडे भेटी गया, ते बिनधास्त त्याना घर जाजो. आडनाव एक, ते रगत एक."

अमळनेरात मागे राहिलेल्या आणि माझ्या आधी-नंतर सुरतेच्या उधन्याला येऊन वसलेल्या तुम्हा सगळ्यांना हे लिहितोय. आमच्या घरात तीन पिढ्या देवाच्या वचनाखालोखाल या वाक्यावर विश्वास होता, आणि मागच्या वर्षी ते माझ्या लेकीच्या आड आलं.

सुरतेत मला परकं असं वाटलंच नाही. मिलमध्ये शेजारी शिरपूरचा, गल्लीत समोर पारोळ्याचा. नानांच्या अहिराणीतलं 'शे' आणि इथल्या गुजरातीतलं 'छे' यांत अंतर ते किती! साड्यांच्या फोल्डिंगला लागलो तो सुपरवायझर होऊन बसलो. आता बायको भाजीवालीशी गुजराती बोलते, माझ्याशी मराठी, आणि रागावली की अहिराणी. रूथ, माझी मुलगी, तिन्ही भाषा एकाच वाक्यात घालते. फॉर्मवर मूळ गाव लिहायची वेळ आली की मात्र मी दर वेळी 'बोदवड' लिहीत आलो.

बोदवडला आमचं कोणीच नव्हतं. तरी नाताळ झाला की नाना आम्हा पोरांना गाडीने तिकडे न्यायचे, स्टेशनाबाहेर चहा पाजायचे आणि हात फिरवून गाव दाखवायचे. "हाई आपलं गाव." ओळखीचं एक दार नाही, पण छाती अशी फुगवायचे की गावचे पाटील तेच. आम्हीही मान डोलवायचो, कारण चहाबरोबर भजी असायची.

तर रूथ. ती सुरतेच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये आहे. तिथेच तिला अमोल भेटला. मुलगा शांत, कामाचा, घरचे रावेरकडचे, केळीच्या पॅकिंगमध्ये. आमच्यासारखेच ख्रिस्ती. सगळं छान, फक्त आडनाव आमचंच, बोदवडे.

एका आडनावात आमच्याकडे सोयरीक होत नाही. फोनवर नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊ-बहीननं लगीन मी देखाव नही." फोन ठेवला. रूथ म्हणाली, "पप्पा, नाना नसतील तर मी लग्नाला उभी राहणार नाही. पण दुसऱ्या कोणाशीही लग्न करणार नाही." दोघांची हट्टाची जात एकच! मधल्या मधे मी अडकलो. लेकीला समजवायला तोंड नव्हतं, आणि ज्यांनी मला वाढवलं त्यांना दुखवायची हिंमत नव्हती.

मार्ग आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सुचवला. घरात ऐकीव होतं की मोठ्या दुष्काळात माझ्या पणजोबांना, म्हणजे नानांच्या आजोबांना, धुळ्याकडच्या एका मिशनने सांभाळलं होतं. तिथल्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या अजून आहेत, त्या पाहून या, असं ते म्हणाले. नाना लगेच तयार झाले. एकच रक्त असल्याचा कागद माझ्या हातात ठेवता येईल, या खात्रीने ते इस्त्रीचा सदरा घालून एसटीत बसले.

तिथल्या पाळकांनी पत्र्याच्या कपाटातून फडक्यात बांधलेली वही काढली. पानांच्या कडा हाताला लागताच तुटत होत्या. नानांनी भिंग लावून बोट फिरवायला सुरुवात केली आणि बऱ्याच वेळाने एका ओळीवर बोट थांबलं. ते मोठ्याने वाचू लागले. मुलाचे नाव लक्ष्मण. ठेवलेले नाव याकोब बोदवडे. वय अंदाजे सात. बाप सखाराम, मयत. मूळ गाव सांगता येत नाही. शेरा : बोदवड स्टेशनाहून गाडीने आणला.

याकोब म्हणजे आमचे पणजोबा. त्यांच्या खालीच दगडू, ठेवलेले नाव योहान बोदवडे. बाप कडू, गाव रावेरकडील. योहान हे अमोलच्या पणजोबांचं नाव. त्याखाली आणखी पाच मुलं, तारीख तीच. सातांचे सात बाप. गावं निरनिराळी, कोणाचा गावाचा रकानाच रिकामा. आडनाव सगळ्यांचं एकच.

पाळक हळू आवाजात म्हणाले, "पोरांना आडनाव सांगता येत नव्हतं, काहींना गावही नाही. मग जिथून गाडीत बसवलं, त्या गावावरूनच आडनाव लिहायचे."

नानांनी भिंग खाली ठेवलं. "म्हंजे बोदवड आपलं गाव नही?"

मला हवा तोच पुरावा मिळाला होता. रूथचं लग्न मोकळं झालं होतं. आणि मला आनंद करता येईना. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचं गाव माझ्या कामासाठी काढून घेतल्यासारखं वाटत होतं.

परतीच्या एसटीत नाना खिडकीबाहेर बघत बसले. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "सात पोरं. मायबाप नहीत, गाडी पहिल्यांदा देखेल. कितला घाबरी गया व्हतीन त्या." उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाले, "रगत नही, पन एकमेकना हात धरीसनच उतरना व्हतीन. लगीननी तारीख धर, भाऊ."

लग्न सुरतेत झालं. नाना पहिल्या बाकावर होते. अमोलच्या आजोबांना त्यांनी स्वतःहून सलाम केला आणि जेवताना शेजारी बसवून घेतलं.

त्याआधी, उपासना संपल्यावर, नोंदवहीवर सह्या झाल्या. पाळकसाहेबांनी वही माझ्यापुढे सरकवली. वधूचं मूळ गाव, एवढाच रकाना उरला होता. बोदवड आता लिहिता येत नव्हतं. मनात अमळनेर आलं. माझं सगळं बालपण तिथे, नाना तिथे. पेन टेकवणार तोच नाना मागून वाकले.

"हाई पोर कोठे जलमनी?"

"सुरतले, नाना."

"मंग सुरत लिख. नही ते हिना पनतू आपलासारखा भलताच गावले धुंडत फिरतीन."

मी सुरत लिहिलं. खरं सांगतो, वाईट वाटलं. इतकी वर्षं एकाच घरात राहून माझं आणि लेकीचं गाव त्या ओळीत वेगळं झालं. मला कोणी विचारलं तर मी अमळनेरच सांगतो, आणि मरेपर्यंत सांगेन. पण उद्या तिचं कोणी आपलं मूळ शोधायला निघालं, तर त्याला योग्य गाडीत बसता येईल.