माजलेला धान

लग्न होऊन नागपूरहून अर्जुनीला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत सहा लुगडी आणि एक इंग्रजी-मराठी कोश होता. स्वातंत्र्य नवंनवं होतं आणि मॅट्रिक झालेली सून म्हणून मीही जरा हवेतच होते. नवरा बाहेरून मॅट्रिकला बसणार होता. त्याला इंग्रजी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. बायकोपुढे तो बिचारा मान खाली घालून बसायचा आणि मला भारी मजा वाटायची.

पण मला शेतीही करायची होती. रोज मागे लागून मी सासूबाईंकडून एक बांधी, म्हणजे बांधांनी वेढलेला धानाचा एक तुकडा, मिळवली. धान नीट पिकला तर पुढच्या वर्षीही बांधी माझी, नाहीतर चूल आहेच, असं ठरलं. मी हात सैल सोडून शेणखत घातलं. धान असा वाढला की शेजाऱ्यांचा त्याच्यापुढे खुरटा दिसावा. शाळेत बागांच्या वर्णनात वाचलेला शब्द आठवला. नवऱ्याच्या वहीत लिहून दिलं : लक्झुरियंट म्हणजे भरघोस. उदाहरण : अवर पॅडी इज लक्झुरियंट.

सासूबाई बांधावर आल्या, एक रोप वाकवून पाहिलं.

"माजला हा धान. शेंडे काप, नाही त पडन."

मला वाटलं, म्हातारीच्या पोटात दुखतंय. घरी येऊन कोश उघडला. त्यात पहिलाच अर्थ होता, 'फाजील वाढलेले'. कोशानेही सासूची बाजू घ्यावी याचा मला संताप आला.

दुसऱ्या दिवशी विळा घेऊन गेले. ते हिरवेगार शेंडे कापताना रडूच फुटलं. अर्धी बांधी कशीबशी कापली, पुढे हात चालेना. कापलेले शेंडे उचलून सासूबाईंनी बैलांपुढे टाकले.

दिवाळीच्या आधी वारा सुटला. न कापलेला धान चिखलात आडवा झाला, त्यात सगळा पोचट दाणा. कापलेला मात्र उभा राहिला आणि लोंब्या भरल्या. मळणीनंतर ढीग अर्धाच. मी मुकाट्याने चुलीकडे वळले.

"कुठी चालली?" सासूबाई म्हणाल्या. "रडत रडत का होईना, अर्धा त कापला. बांधी तुलेच."

मी नवऱ्याची वही काढली आणि 'भरघोस' खोडून 'माजलेला' लिहिलं. उदाहरण मात्र तेच राहू दिलं. त्याहून चोख मला सुचलं नसतं.