हर्षलाची चिमूटभर नीळ

हर्षलाबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं ते एका डब्यामुळे.

तेव्हा ती खोपोलीच्या बाजूला, स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात होती. लागली होती कॅन्टीनमध्ये. चहा द्यायला शेडमध्ये जायची आणि कुणाची तरी काळी काच डोळ्यांपुढे धरून वेल्डिंग बघत उभी राहायची. चहा गार व्हायचा, शिव्या पडायच्या, ही हलायची नाही. शेवटी तिने सुपरवायझरला सरळच विचारलं, मला शिकवाल का? तो म्हणाला, "टिग वेल्डिंगला हात स्थिर लागतो बाई. तुमचा थरथरेल."

"साहेब, भात लावणारा हात हाय माझा," हर्षला म्हणाली. "चिखलात दिवसभर वाकून थरथरला नाय, तुमच्या सावलीत काय थरथरंल?"

तिला शिकवलं, पण सुपरवायझरची खोड गेली नाही. तिचा कुठलाही जोड बघितला की म्हणायचा, "गळणार हा." एके दुपारी जेवण झाल्यावर तिने त्याचा धुऊन ठेवलेला स्टीलचा डबा उचलला, आत चमचा टाकला आणि झाकणाच्या कडेने गोल फिरवून वेल्ड मारला. इतका सुबक, की डबा तसाच कारखान्यातून आलाय असं वाटावं. घरी त्याची बायको तो उघडायला बसली. मग शेजारी बसले. सकाळी खुळखुळणारा डबा घेऊन तो तणतणत आला, तर हर्षलाने पाण्याची बादली पुढे केली. "बुडवून बघा साहेब. बुडबुडा आला तर भरून देते." बुडबुडा आला नाही. सगळी शेड हसली आणि नाइलाजाने तोही हसला.

चौकच्या जुन्या हायवेवर, एका पंक्चरवाल्याला लागून, आता तिचं स्वतःचं दुकान आहे. तिचे वडील गजाभाऊ अजून भात लावतात आणि दुपारी दुकानात येऊन झोप काढतात. हर्षला चाळिशीची आहे, स्कूटर जोरात चालवते. कुणाचाही वेल्ड बिघडला, काळा पडला, फुटला, की लोक तिला फोन करतात.

आम्हीही केला.

आम्ही म्हणजे कर्जतचे, भिसेगावातले. मी सुचेता, शाळेत गणित शिकवते. घरामागे आमची शेड आहे. तिथे माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, चाळीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त केली. माझा मुलगा ओजस इंजिनीअर झाला आणि त्याने त्या शेडमध्ये नवं टिग मशीन आणलं. खालापूरकडच्या रिसॉर्टना स्वयंपाकघरातली टेबलं, सिंक, टाक्या बनवून देऊ लागला. वेल्डिंगला नवनाथ होता, पन्नाशीचा, हाताने नंबरी आणि तोंडाने मुका म्हणावा असा.

अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ओजसने त्यांना शेडबंदी केली. "वेल्डिंगचा झोत डोळ्यांत गेला तर? तुम्ही आता ओट्यावर बसा, पेपर वाचा."  अप्पा ओट्यावर बसले, पेपर वाचू लागले. इतक्या मुकाट्याने ऐकलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

त्यानंतर पंधरा दिवसांत वेल्ड बिघडायला लागला. आधी चांदीच्या तारेसारखा दिसणारा जोड काजळी धरू लागला. मधेच तडतड आवाज यायचा आणि टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं पडायची. एका रिसॉर्टने आठ सिंक परत पाठवले. ओजस नवनाथवर चिडला, "काका, तुमचं लक्ष कुठे असतं?" नवनाथने हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "महिना संपला की मी जातो." त्याच्या तोंडून एका दमात इतके शब्द मी प्रथमच ऐकले.

हर्षलाने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "गॅस ओला हाय. सिलिंडर बदला."

टिगमध्ये जोडावर आरगॉन वायूचं पांघरूण असतं. ते खराब असलं तर वितळलेल्या धातूला हवा लागते आणि तो काळवंडतो. तेव्हा हे पटण्यासारखं होतं. गॅस पुरवणाऱ्या साईनाथला ओजसने फोनवर फैलावर घेतलं. तो बिचारा भर दुपारी टेंपोतून दुसरा सिलिंडर घेऊन आला. नवा सिलिंडर लावला, वेल्ड तितकाच काळा.

मग ती स्वतः आली. आल्याआल्या साईनाथला फोन लावला, आमच्यासमोरच. "साईनाथ, चूक माझी. तुझा गॅस सोन्यासारखा हाय. चौकला ये, भजी माझ्याकडून." फोन ठेवून ओजसकडे वळली, "इंजिनेर, मी चुकले ते बोलले. आता बाकीचे चुकलेले बघू."

तिची तपासणी बघायला मी शाळेला अर्धी रजा टाकली, खोटं कशाला बोला. तिने पंखा बंद केला, वाऱ्याने गॅसचं पांघरूण उडतंय का ते बघायला. गॅसच्या नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस फासला. कुठे फुगा आला नाही. ठिणगी पाडणारी टंगस्टनची सुई नव्याने टोकदार केली. मग स्टीलच्या तुकड्यावरचं प्लॅस्टिक सोलून, नुसतंच, वरून काही न भरता, एक रेघ वितळवली.

रेघ चकाकत होती.

"मशीन बरं, गॅस बरा, पत्रा बरा," ती म्हणाली. "नवनाथभाऊ, आता तुमची सळी घेऊन मारा."

जोडात भरायला एक बारीक सळी वितळवतात, तिला फिलर म्हणतात. नवनाथने रॅकवरची सळी घेतली, आणि तडतड सुरू झाली. काजळी, भोकं, सगळा संसार हजर.

हर्षलाने पांढऱ्या फडक्यावर अॅसिटोन ओतलं आणि एका सळीवरून ओढलं. फडक्यावर पिवळट रेघ उठली. तिने ती नाकाशी धरली, बोटांत चोळली. "खोबरेल नाय. गोडंतेल नाय. हे शिवणयंत्राचं तेल." मग डोळे बारीक करून सगळ्यांकडे बघत म्हणाली, "घरात मशीन कोण चालवतं?"

ओजस आणि नवनाथ, दोघांनीही माझ्याकडे बघितलं.

"मी?" मी म्हटलं. "मी उशांचे अभ्रे शिवते! सळ्यांना तेल लावायला मला वेड लागलंय?"

"मी कुठं काय बोलले, वहिनी," हर्षला म्हणाली, पण तिच्या गालात हसू होतं. "तेल लागलं की धूर झाला, भोकं पडली. कोण तरी रोज न चुकता पुसतंय. एकदाचं काम नाय हे."

अप्पांनाही विचारलं. ते ओट्यावरून पेपर खाली न करता म्हणाले, "मला शेडबंदी आहे. माझा काय संबंध?"

त्या संध्याकाळी निघण्यापूर्वी हर्षला स्वयंपाकघरात आली. "वहिनी, कपड्यांची नीळ हाय का? भुकटी?"

"कशाला?"

"तुमचं नाव यातून काढायला."

तिने चिमूटभर नीळ घेतली आणि रॅकवरच्या सळ्यांवर भुरभुरवली. कोरडी असताना ती नजरेत भरत नव्हती. मला आणि ओजसला बजावलं, "सकाळी मी येईपर्यंत कुणी शेडमध्ये जायचं नाय. आणि कुणाला बोलायचं नाय."

सकाळी आठला तिची स्कूटर दारात थांबली तेव्हा अप्पा नेहमीसारखे ओट्यावर होते, पेपर वाचत. पेपरच्या दोन्ही कडा निळ्या होत्या. अप्पांना घाम फार येतो आणि घाम आला की ते कपाळ पुसतात. कपाळ निळं होतं. नाकाचा शेंडा निळा होता. उजव्या कानाची पाळी तर अशी निळी की जणू शाईत बुडवली होती. मी चहाचा कप हातात धरून जागच्या जागी उभी राहिले. मला हसू दाबता येईना आणि त्यांच्या वयाकडे बघून हसताही येईना.

ओजसने तोंड उघडलं, तेवढ्यात हर्षलाने त्याच्या पायावर चक्क आपला बूट ठेवला.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"काय नाय अप्पा. चोर नाय सापडला," हर्षला म्हणाली. "इंजिनेर, नवनाथभाऊंना घेऊन या जरा नाक्यावरून. ते अजून रुसलेत, तिथं चहा पीत बसलेत."

ओजस लंगडत गेला. ती शेडमधून परत आलेला एक सिंक घेऊन आली, आरशासारखा पॉलिश केलेला, आणि अप्पांच्या पुढ्यात उभा धरला. "अप्पा, तुमची नजर जुनी. हा बघून सांगा, डाग कुठं दिसतो का?"

अप्पांनी चष्मा सारखा केला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बोट कपाळाला लावलं, ते बोट बघितलं, आणि त्यांचा आवाज चढला. "पोरी, माझ्या घरात येऊन मला रंगवतेस?"

"मी सळ्या रंगवल्या, अप्पा. तुमी तिथं काय करत होता?"

अप्पांनी पेपरची घडी घातली. मी दाराआड होते. आत जावं हे कळत होतं, पण पाय निघेना.

"सहाला जातो," ते शेवटी म्हणाले, हळू. "कुणी उठायच्या आत. किल्ली कुठे असते मला ठाऊक आहे. चाळीस वर्षं सकाळी पहिलं काम तेच, आहे तेवढं लोखंड तेलाच्या फडक्याने पुसायचं. न पुसता दिवस सुरू झाला की जेवण जात नाही मला. ओजस म्हणतो पेपर वाचा. किती वाचू? छोट्या जाहिरातीसुद्धा पाठ झाल्यात."

मला एकदम आठवलं, गेल्या महिन्यात त्यांनी मला कुठल्याशा सेकंडहँड फ्रीजचा भाव सांगितला होता, आणि मी नुसतं हूं म्हटलं होतं.

"त्या नवनाथला बोलणी बसली," अप्पा म्हणाले, "ते माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळं," हर्षला म्हणाली. गोड बोलायची तिला सवय नाही. "पण तुमचं पुसणं चूक नाय, अप्पा. तेल चूक हाय. मला सगळ्या वर्कशॉपात हेच सांगावं लागतं, वेल्डच्या आधी पुसा, पुसा. कोण पुसत नाय. सळी पुसायची, पत्रा पुसायचा, अॅसिटोननं, पांढऱ्या सुती फडक्यानं, हातमोजे घालून. आणि मशीन चालू व्हायच्या आधी बाहेर यायचं, म्हणजे डोळ्यांनाही काय नाय. मन लावून करणारा माणूस शोधून सापडत नाय."

"पगार?" अप्पांनी विचारलं.

"तो इंजिनेरला मागा. मी फक्त रंगवते."

नवनाथ आला तेव्हा अप्पा त्या निळ्या तोंडानेच उठून त्याच्यापुढे गेले. "नवनाथ, चूक माझी होती," एवढंच म्हणाले. नवनाथने त्यांच्याकडे पाहिलं, मग वर छपराकडे पाहिलं, त्याचे खांदे हलायला लागले आणि तो खो खो हसत खाली बसला. मग कुणालाच आवरेना. ओजस तर डोळे पुसत होता. अप्पा सगळ्यांना "मूर्ख" म्हणाले आणि तोंड धुवायला गेले. कानाची पाळी चार दिवस तशीच राहिली.

पण इथे संपलं नाही. धुतलेल्या सळ्यांनी काजळी गेली, भोकं गेली, तरी दोन दिवसांनी नव्या सिंकच्या जोडावर तांबूस ठिपके उगवले. स्टीलला गंज! ओजसने आशेने अप्पांकडे बघितलं. पुन्हा बोलावलेल्या हर्षलाने मात्र शेडमधला तारेचा ब्रश उचलला. "हा ब्रश कशाला वापरता?"

"जोड घासायला," ओजस म्हणाला.

"फक्त स्टीलचा?"

ओजसने डोकं खाजवलं. "गेल्या आठवड्यात शेजारच्यांची लोखंडी खिडकी घासली होती."

"लोखंडाचा कीस स्टीलमध्ये घुसवला तुमी, आणि रोज नवनाथभाऊंना बोलता. वहिनी, नीळ शिल्लक हाय का?"

"हो!" मी म्हटलं. ओजस दोन पावलं मागे सरकला.

स्टीलसाठी वेगळा ब्रश आला, त्याला लाल दोरी बांधली. आठही सिंक पुन्हा भरून, घासून रिसॉर्टला गेले आणि परत आले नाहीत. ओजसने नवनाथची माफी मागितली, जरा उशिरा आणि जरा पुटपुटत, पण मागितली. नवनाथ महिना संपल्यावरही राहिला.

अप्पा आता सातला शेडमध्ये जातात, उजळ माथ्याने. पांढरे हातमोजे घालतात आणि सळ्या पुसून नळीत बंद करून ठेवतात. ओजसची तक्रार अशी की शेड त्याची राहिली नाही. हात न धुता आत आलं की अप्पा बाहेर काढतात, गिऱ्हाईक असलं तरी.

मागच्या गुरुवारी हर्षला चौकहून आमच्याकडे आली होती. तिला एका टाकीसाठी चांगल्या सळ्या हव्या होत्या. वाटेत वडापाव खाल्ला होता. तिने रॅककडे हात केला आणि अप्पा कडाडले, "थांब! बोटं दाखव."

तिने बोटं दाखवली. अप्पांनी पांढऱ्या फडक्याने एक बोट पुसलं, फडकं उजेडात धरलं आणि तिच्या नाकापुढे नाचवलं. पिवळी रेघ होती.

"शेंगदाण्याचं," अप्पा म्हणाले. "जा, साबण मोरीत आहे."

हर्षला मुकाट्याने मोरीकडे गेली. तिला मुकाट्याने कुठे जाताना मी त्याआधी पाहिलेलं नाही.